‘विचार बदला’ हा उपचार नव्हे

शाळेच्या व्हरांड्यात जी सुवचने रंगवलेली असतात, त्यांत ‘सकारात्मक विचार करा’ हे आता बहुधा असतेच. शिक्षकांच्या प्रशिक्षणात, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि गावोगावच्या व्याख्यानांत या वाक्याला अलीकडे शास्त्राचा आधारही दिला जातो. हा आधार म्हणजे बोधात्मक वर्तनोपचार. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सर्रास सीबीटी म्हणतात. ‘माणसाला दुःख परिस्थितीमुळे होत नाही, विचारांमुळे होते, विचार बदला, दुःख जाईल,’ असे या उपचाराचे सार सांगण्यात येते. हे सार कितपत खरे आहे, ते या लेखात तपासून पाहू.

प्रश्न केवळ शब्दांच्या काटेकोरपणाचा नाही. मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुसरबीड हे गाव आहे. बुलढाणा हे आपले जिल्ह्याचे ठिकाण, पण दुसरबीडहून ते लांब पडते; त्यापेक्षा जालना जवळ. केंद्र सरकारने २००६ साली विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाणा होता. अशा भागातल्या शिक्षकासमोर कधी ना कधी असा मुलगा बसलेला असतोच, ज्याचे वडील पीक बुडाल्यापासून घराबाहेर पडलेले नाहीत. त्या वडिलांना ‘विचार बदला’ म्हणून सांगितले, तर त्याचा अर्थ त्यांच्यापर्यंत एकच पोचतो: पीक गेले ते गेलेच, आणि आता वाईट वाटते हाही आपलाच दोष. उपचाराचे चुकीचे सार सांगितल्याने असा अपाय होतो. म्हणून हा उपचार मुळात काय आहे, तो कशाने काम करतो आणि त्याबद्दलचा पुरावा किती भक्कम आहे, हे नीट समजून घ्यायला हवे.

मूळ कल्पना

या उपचाराची दोन मुळे सांगता येतील. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली. मराठी वाचकांना एलिस अपरिचित नाहीत. मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी त्यांचे विचार आपल्याकडे रुजवले आणि डॉ. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरीही अनेकांनी वाचली आहे. दुसरे मूळ म्हणजे फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक. त्यांचे शिक्षण फ्रॉइडच्या परंपरेत झाले होते. नैराश्य म्हणजे स्वतःवरच उलटलेला राग, ही त्या परंपरेतली समजूत प्रयोगाने सिद्ध करायला ते गेले, पण पुरावा त्या बाजूने मिळेना. नैराश्याच्या रुग्णांच्या बोलण्यात त्यांना रागापेक्षा वेगळेच काही वारंवार आढळले: ‘मी निकामी आहे, जग माझ्याविरुद्ध आहे, पुढेही काही बरे होणार नाही.’ असे विचार क्षणार्धात मनात येतात आणि माणूस ते तपासून न पाहताच खरे धरून चालतो. यावरून बेक यांनी उपचाराची आखणी केली. नैराश्याच्या उपचारावरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक १९७९ साली आले.

वरवर पाहता ‘विचार बदला’ हेच तर बेक सांगत होते, असे वाटेल. पण त्यांच्या पद्धतीतला महत्त्वाचा शब्द ‘बदला’ हा नसून ‘तपासा’ हा आहे. एक उदाहरण घेऊ. समजा, एका शेतकऱ्याला वाटते, ‘कृषी केंद्राची उधारी थकली. आता गावात तोंड दाखवायला जागा नाही. पारावर गेलो तर जो तो पैशांचेच विचारील.’ त्याला हितचिंतक म्हणतील, ‘असे मनात आणू नकोस, चांगला विचार कर.’ उपचार करणारा तसे म्हणणार नाही. तो म्हणेल, ‘तुमचे म्हणणे खरेही असू शकेल. पाहू या. उद्या संध्याकाळी पारावर अर्धा तास बसा. किती जण भेटतील, त्यांतले किती जण उधारीचे विचारतील, याचा अंदाज आज कागदावर लिहा. आल्यावर खरा आकडा त्याच्यासमोर लिहा.’ अंदाज दहापैकी आठांचा असेल आणि प्रत्यक्षात एकानेच विचारले असेल, तर शेतकऱ्याला स्वतःच्या हाताने मिळवलेला पुरावा मिळतो. दहापैकी आठांनी विचारले, तर तोही पुरावाच आहे. मग चर्चा विचारांवरून उधारीवर वळते: हप्ते कसे पाडून घ्यायचे, कोणाला मध्ये घालायचे.

विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाला यात ओळखीचे काही दिसेल. गृहीतक मांडायचे, त्यावरून भाकीत करायचे, प्रयोग करायचा, निरीक्षण नोंदवायचे. उत्तर आधीच ठरवून टाकणारे सुवचन या पद्धतीच्या अगदी उलट्या टोकाला बसते.

टाळण्याचा सापळा

चुकीचा अंदाज इतके दिवस टिकतो तरी कसा? तो टिकतो, कारण माणूस तपासण्याची संधीच टाळतो. वर्गात उत्तर द्यायला घाबरणारी मुलगी घ्या. ‘मी चुकले तर सगळे हसतील,’ असे तिला वाटते, म्हणून ती हात वर करत नाही. कोणी हसत नाही आणि क्षणभर सुटल्यासारखे वाटते. ही सुटका हेच गप्प बसण्याचे बक्षीस ठरते आणि पुढच्या तासाला ती आणखी गप्प बसते. मात्र हसतील की नाही, हे तिला कळतच नाही.

छातीत अचानक धडधडून भीतीचा झटका येणाऱ्या रुग्णांतही असेच घडते. धडधड झाली की ‘हृदय बंद पडणार’ असे वाटून तो चटकन खाली बसतो, पाणी पितो. झटका ओसरतो. खाली बसलो म्हणून वाचलो, अशी त्याची खात्री पटते. हृदयविकार नाही हे डॉक्टरांनी तपासून सांगितले, तरी ही खात्री जात नाही. उपचारात त्याला जागच्या जागी पळायला लावून मुद्दाम धडधड निर्माण करतात आणि खाली बसू देत नाहीत. धडधड होते, हृदय चालूच राहते. जे शंभर वेळा सांगून पटत नव्हते, ते पाच मिनिटांच्या प्रयोगाने पटू लागते.

यामागचे शिकणे कसे असते, याचा धागा पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांपर्यंत जातो. घंटेनंतर अन्न देणे बंद केले की लाळ हळूहळू थांबते. पण काही काळ मध्ये गेला की तीच घंटा पुन्हा थोडी लाळ आणते. म्हणजे जुने शिकणे पुसले गेले नव्हते. त्याच्या शेजारी ‘घंटा झाली तरी अन्न येत नाही’ असे नवे शिकणे तयार झाले होते आणि ते जुन्याला आवर घालत होते. भीतीचेही तसेच आहे, असे आजचे संशोधन सांगते. म्हणून एकदा पारावर जाऊन भागत नाही. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांत पुन्हा पुन्हा जावे लागते. बऱ्या झालेल्या रुग्णाला कठीण प्रसंगी जुनी भीती परत जाणवली, तर उपचार फसला असेही समजायचे कारण नाही.

विचार आधी की कृती आधी?

आता या उपचाराच्या समर्थकांनाही अडचणीत आणणारा प्रश्न विचारू. उपचारात दोन गोष्टी एकत्र असतात: विचारांची तपासणी आणि प्रत्यक्ष कृती. गुण येतो तो नेमका कशाने?

सिअॅटलच्या नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली याचा सरळ प्रयोग प्रसिद्ध केला. नैराश्याच्या सुमारे १५० रुग्णांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. पहिल्या गटाला फक्त कृतीचा भाग दिला, म्हणजे दिवसाची आखणी आणि सोडून दिलेली कामे पुन्हा सुरू करणे. दुसऱ्याला त्याखेरीज मनात चटकन येणाऱ्या विचारांची तपासणी दिली. तिसऱ्याला खोलवर रुजलेल्या समजुतींवरच्या कामासह पूर्ण उपचार दिला. तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. दोन वर्षांनी पाहिले तेव्हाही पूर्ण उपचार सरस ठरला नव्हता.

एका प्रयोगाने निकाल लागत नाही. इतक्या थोड्या रुग्णांत फरक दिसला नाही म्हणजे फरक नाहीच, असे म्हणता येत नाही. पण २०१६ साली इंग्लंडमध्ये ४४० रुग्णांवरच्या चाचणीतही असेच दिसले. फक्त कृतीवर भर देणारा उपचार कमी प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दिला आणि पूर्ण उपचार प्रशिक्षित चिकित्सकांनी दिला, तरी वर्षभरानंतर पहिला उपचार मागे पडला नाही. तेव्हा निदान नैराश्याच्या बाबतीत ‘आधी विचार बदलतो, मग माणूस बरा होतो’ हे स्पष्टीकरण पुराव्यापुढे धावते. कित्येकांच्या बाबतीत आधी पाय हलतात आणि विचार त्यांच्या मागून येतात.

असे का व्हावे? नैराश्यात माणसाच्या दिवसातून समाधान देणाऱ्या गोष्टी गळून पडतात, हे पीटर लेविन्सन यांनी १९७० च्या दशकात मांडले होते. दुसरबीडला हे समजावून सांगायला फार लांब जायला नको. इथे जिजामाता सहकारी साखर कारखाना होता. तो बंद पडला. असा कारखाना बंद पडतो किंवा हंगाम बुडतो, तेव्हा पैशांबरोबर सकाळी उठण्याचे कारण, चार माणसांत बसणे आणि हातून काही पुरे झाल्याचे समाधानही जाते. मग माणूस आणखी आक्रसतो आणि उरलेसुरले समाधानही तुटते. ही साखळी कृतीच्या बाजूने तोडता येते. मात्र ती सुरू होताना परिस्थिती खरीच बिघडलेली होती, हे विसरून चालणार नाही.

गोव्याची चाचणी

हे सारे परदेशातले झाले. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ इतके थोडे असताना हे कोण करणार? या प्रश्नावर जवळचा आणि चांगला पुरावा गोव्यातला आहे. तिथल्या संगत या संस्थेने, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी, दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेल्या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, छापील अंक २०१७ चा. त्यात बऱ्यापैकी तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिले. उरलेल्यांना त्याशिवाय सहा ते आठ बैठकांचे समुपदेशन दिले. ते देणारे होते स्थानिक लोक. त्यांच्याकडे मानसोपचाराची पदवी नव्हती. त्यांना प्रशिक्षण दिले होते आणि त्यांच्या कामावर देखरेख होती. बैठकांचा गाभा कृतीचा होता: दिवसाची आखणी, अडचणी सोडवणे, तुटलेल्या माणसांशी पुन्हा संबंध जोडणे.

तीन महिन्यांनी समुपदेशन घेतलेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्याच्या ठरवलेल्या रेषेखाली आले. दुसऱ्या गटात ३९ टक्के. वर्षभरानंतर दोन गटांतला फरक कमी झाला होता, पण टिकून होता. रुग्णांच्या रोजच्या कृती किती वाढल्या हेही मोजले होते आणि फायद्याचा बराच भाग या वाढीशी जोडलेला दिसला.

आता उणिवा पाहू. पहिली म्हणजे, दुसऱ्या गटाला तितकेच तास आस्थेने बोलणारे माणूस मिळाले नव्हते. त्यामुळे गुण तंत्राचा किती आणि आपुलकीने ऐकून घेण्याचा किती, हे या चाचणीतून वेगळे काढता येत नाही. दुसरी म्हणजे, कृती वाढल्या म्हणून बरे वाटले की बरे वाटू लागले म्हणून कृती वाढल्या, हा प्रश्न अशा मोजमापाने पुरता सुटत नाही. तिसरी गोष्ट उणीव नव्हे, पण ६४ टक्के या आकड्याच्या सावलीत ती झाकली जाते: समुपदेशन घेऊनही ३६ टक्के लोक त्या रेषेखाली आले नव्हते आणि ते न घेताही ३९ टक्के आले होते. उपचाराची खरी कमाई म्हणजे या दोन गटांतले २५ टक्क्यांचे अंतर. ते लहान नाही, पण चमत्कारही नव्हे.

जगभरच्या चाचण्या एकत्र केल्या तरी चित्र असेच आहे. पिम कुइपर्स आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली नैराश्यावरच्या ४०९ चाचण्या तपासल्या. या उपचाराने ४२ टक्के रुग्णांत लक्षणीय सुधारणा झाली, तुलनेच्या गटांत १९ टक्क्यांत. इतर मानसोपचारांपेक्षा हा उपचार ठळकपणे सरस आहे, असे मात्र दिसले नाही. म्हणजे शंभरातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना आणखी काहीतरी लागते: औषध, वेगळा उपचार किंवा जास्त वेळ. ‘मनावर घेतले तर कोणीही यातून बाहेर येतो,’ असे म्हणणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

आपल्या विभागात

बुलढाणा ज्या महसुली विभागात येतो, त्याच विभागातल्या अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ हा कार्यक्रम झाला. तीस गावांत गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलायचे, प्रशिक्षित समुपदेशकाकडे पाठवायचे आणि गरज पडली तर डॉक्टरांपर्यंत पोचवायचे, अशी त्याची रचना होती. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध केले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होते. दीड वर्षाने ते २७.२ टक्के झाले. गावातल्या नैराश्याचे प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आले.

या दोन निष्कर्षांना सारखेच वजन देऊ नये. तुलनेसाठी कार्यक्रम न राबवलेली गावे नव्हती. पाऊस बरा झाला, भाव बरा मिळाला, तरी नैराश्य थोडे घटू शकते. म्हणून दुसऱ्या आकड्यावरून कार्यक्रमाला श्रेय देताना हात आखडता घ्यावा. पहिला आकडा मात्र इतका वाढला आहे की केवळ हवामानाने तो वाढेल, असे वाटत नाही. ज्या दुखण्याला गावात ‘टेन्शन’ म्हणतात, त्याच्यासाठी दारात येऊन कोणी बोलले तर लोक मदत घेतात, एवढे यातून दिसते. आणि सुरुवातीचा ४.३ हा आकडाही पाहण्यासारखा आहे. शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक जणांपर्यंत ना चांगला उपचार पोचला होता ना वाईट.

शिक्षकाने काय करावे?

शिक्षकाने चिकित्सक होऊ नये. त्याला प्रशिक्षण लागते आणि वर देखरेख लागते. गोव्यातल्या समुपदेशकांनाही ती होती. पण काही गोष्टी शिक्षकाच्या हातात आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे वाद घालू नये. ‘माझे काही होणार नाही’ म्हणणाऱ्या मुलाला ‘होईल रे’ म्हटले की बोलणे तिथेच संपते. ‘कशावरून वाटते?’ आणि ‘हे पाहायचे तर काय करून पाहता येईल?’ हे प्रश्न ते पुढे नेतात. वर्गात घाबरणाऱ्या मुलीसाठी पहिला प्रयोग अगदी लहान असावा: शेजारणीला उत्तर सांगणे, मग एका ओळीपुढे, मग वर्गापुढे. प्रत्येक वेळी आधी अंदाज, नंतर नोंद. आणि कोणी खरेच हसले, तर तो मुलीच्या विचारांचा प्रश्न राहत नाही. तो वर्गाचा प्रश्न होतो आणि तो शिक्षकानेच सोडवायचा असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे खरी अडचण खरी मानावी. फी, पुस्तके, घरचे कर्ज, दारू, मारहाण यांना विचारांची चूक म्हणू नये. कर्ज उपचाराने फिटत नाही. त्यासाठी पीककर्ज, विमा आणि भाव यांची धोरणे लागतात आणि समुपदेशन हा त्यांचा पर्याय म्हणून पुढे केला जात असेल, तर शिक्षकाने ते बोलून दाखवावे. उपचाराने एवढेच होऊ शकते की कर्जदार माणूस उठून सोसायटीच्या कचेरीत जाऊ शकेल, अर्ज भरू शकेल, घरच्यांशी बोलू शकेल. हेही थोडे नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे मरणाची भाषा ऐकू आली तर सरळ विचारावे: ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही भीती संशोधनात खरी ठरलेली नाही. उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ असे उत्तर आले तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, कीटकनाशकाचे डबे घरातून हलवायला सांगावे आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्राशी किंवा जिल्हा रुग्णालयाशी संपर्क साधावा. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक निःशुल्क आहे आणि तो रात्रंदिवस चालू असतो. मराठीतही बोलता येते.

राहता राहिले भिंतीवरचे सुवचन. पुढच्या रंगकामाच्या वेळी त्या जागी हाच क्रमांक ठळक अक्षरांत लिहावा. तो वाचण्यासाठी कोणाला आधी मन सकारात्मक करावे लागणार नाही.